राष्ट्राच्या पोटातील राष्ट्रे : अमेरिकेतील मूलनिवासींचे स्वराज्य आणि त्याचा न्याय

ॲरिझोनातील चँडलर शहराला लागून गिला रिव्हर समाजाची भूमी सुरू होते, तर स्कॉट्सडेलला लागून सॉल्ट रिव्हर समाजाची. ओक्लाहोमातील टल्सा शहराचा मोठा भाग मस्कोगी आणि चेरोकी राष्ट्रांच्या हद्दीत येतो. कनेक्टिकटमधील मोहेगन सन हे नाव ठाऊक नसलेले मराठी घर ईशान्य अमेरिकेत विरळाच. तरीही आपल्यापैकी बहुतेकांची या राष्ट्रांशी असलेली ओळख कॅसिनोच्या दारापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. अमेरिकेत ५० राज्ये आहेत हे नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पाठ करावे लागते. त्या राज्यांखेरीज संघराज्याच्या मान्यतेची ५७० हून अधिक मूलनिवासी शासने याच भूमीवर नांदत असून त्यांपैकी पुष्कळांची स्वतःची राज्यघटना, विधिमंडळ, न्यायालये, पोलीस आणि करव्यवस्था आहे. ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

या शासनांचे अधिकार कोठून आले, ते कोणी काढून घेऊ शकतो काय, आणि काढून घेणाऱ्या सभेत त्यांना आसन आहे काय, हे तीन प्रश्न अमेरिकी संघराज्यात जवळजवळ अडीचशे वर्षे अनिर्णित आहेत. एकाच संघात अनेक राष्ट्रे नांदत असता सत्तेची वाटणी न्याय्य केव्हा म्हणावी, या व्यापक प्रश्नाचे हे सर्वांत जुने आणि सर्वांत अडचणीचे उदाहरण होय.

शब्दांविषयी थोडेसे

मराठी वाचकाची प्रथम शब्दांपाशी अडखळण होते. ‘रिझर्व्हेशन’ म्हटले की आपल्या मनात नोकरी आणि शिक्षणातील आरक्षण येते. येथे त्याचा अर्थ तहाने राखून ठेवलेली भूमी असा आहे, आणि राखणारे बहुधा ते राष्ट्रच असते: आपल्या विस्तीर्ण प्रदेशातील मोठा भाग सोडून देताना एवढा तुकडा आम्ही आमच्यापाशी ठेवतो, असे त्या तहांचे स्वरूप होते. ‘ट्राइब’ या शब्दाचे ‘जमात’ हे भाषांतरही दिशाभूल करते, कारण त्यातून अनुसूचित जमातींची यादी डोळ्यांपुढे येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली मॉर्टन विरुद्ध मॅन्कारी या खटल्यात असे ठरविले की, मान्यताप्राप्त मूलनिवासी राष्ट्राचे सदस्यत्व ही वांशिक ओळख नसून राजकीय ओळख आहे. चेरोकी असणे हे कायद्याच्या दृष्टीने एखाद्या जातीचे असण्यापेक्षा एखाद्या देशाचे नागरिक असण्याच्या अधिक जवळ जाते. म्हणूनच या लेखात ‘राष्ट्र’ हाच शब्द वापरला आहे. ‘काँग्रेस’ म्हणजे अर्थातच अमेरिकेची संसद.

तहांचे युग

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात काँग्रेसला व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. तो व्यापार तिघांशी आहे: परकीय राष्ट्रांशी, राज्याराज्यांमध्ये आणि ‘इंडियन ट्राइब्ज’शी. परकीय राष्ट्र आणि घटकराज्य यांच्या पंक्तीत तिसरे नाव म्हणून मूलनिवासी राष्ट्रे मूळ संहितेतच बसलेली आहेत. राज्यांनी संघ निर्माण करताना काही अधिकार संघाला दिले आणि उरलेले आपल्यापाशी ठेवले. दहाव्या दुरुस्तीने ते स्पष्टही केले. मूलनिवासी राष्ट्रांनी मात्र त्या घटनेवर कधीच सही केली नाही. त्यांचा संघाशी संबंध आला तो तहांच्या मार्गाने. १७७८ साली फोर्ट पिट येथे डेलावेअर राष्ट्राशी पहिला तह झाला आणि १८७१ मध्ये काँग्रेसने ही पद्धत बंद करीपर्यंत सुमारे ३७० तह सेनेटने मंजूर केले. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार तह हा देशाचा सर्वोच्च कायदा होय.

या तहांचे पुढे काय झाले, हे सांगण्यास चेरोकी राष्ट्राचे उदाहरण पुरेसे आहे. जॉर्जिया राज्याने त्यांची भूमी बळकावण्यासाठी आपले कायदे त्यांच्यावर लादले तेव्हा चेरोकींनी शस्त्र न उचलता सर्वोच्च न्यायालय गाठले. १८३१ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निर्णय दिला की चेरोकी हे परकीय राष्ट्र नव्हे. ते ‘देशांतर्गत अवलंबित राष्ट्र’ आहे आणि अमेरिकेशी त्याचे नाते पाल्याचे पालकाशी असते तसे आहे. पुढच्याच वर्षी, वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात, त्याच मार्शल यांनी असेही ठरविले की चेरोकींच्या भूमीवर जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत. पहिल्या निर्णयाने राष्ट्राला घरात घेतले, पण लहान मूल ठरवून. दुसऱ्याने त्या मुलाच्या खोलीत शेजाऱ्याला येण्यास मनाई केली. पालकाला मात्र कोणतीच मनाई नव्हती.

साताऱ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना अनोळखी वाटू नये. १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याचे राज्य दिले: अंतर्गत कारभार राजाचा, बाहेरचा सारा व्यवहार कंपनीच्या संमतीने. तहाचा भंग केल्याच्या आरोपावरून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी दशकाहून अधिक काळ लंडनमध्ये राहून तहाची कलमे पार्लमेंटपुढे आणि कंपनीच्या सभांपुढे मांडत राहिले. नेमक्या त्याच काळात चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस वॉशिंग्टनमध्ये हेच करीत होते. १८३५ साली चेरोकींमधील एका अल्पसंख्य गटाने न्यू इकोटा येथे तह करून सारी पूर्वेकडील भूमी देऊन टाकली. रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा निषेध काँग्रेसकडे पाठविला. तरीही सेनेटने तो तह एका मताच्या आधिक्याने मंजूर केला. १८३८-३९ च्या हिवाळ्यात सुमारे सोळा हजार लोकांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. त्यांपैकी सुमारे चार हजार वाटेत किंवा छावण्यांत मरण पावले, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

सातारा १८४८ मध्ये खालसा करताना डलहौसीच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा होता की हे राज्य मुळात कंपनीनेच निर्माण केलेले आहे. जे दिले ते परत घेता येते. सत्ता स्वयंभू आहे की दान, हा भेद लक्षात ठेवावा. अमेरिकेतील पुढचा सारा वाद त्याच्याभोवती फिरतो.

संपूर्ण सत्ता कोठून आली?

१८८५ साली काँग्रेसने एका कायद्याने मूलनिवासींच्या भूमीवर मूलनिवासींनीच एकमेकांविरुद्ध केलेले खुनासारखे गंभीर गुन्हे संघराज्याच्या न्यायालयांकडे ओढून घेतले. हा अधिकार घटनेच्या कोणत्या कलमात आहे, असा प्रश्न १८८६ च्या कगामा खटल्यात निघाला. व्यापाराच्या कलमातून तो निघत नाही, हे न्यायालयाने जवळजवळ मान्य केले. आणि मग निष्कर्ष असा काढला की ही राष्ट्रे दुर्बळ आणि अवलंबित झाली आहेत, त्यांच्या रक्षणाचे कर्तव्य संघावर आहे, आणि कर्तव्यातूनच सत्ता येते. दुर्बळता कोणामुळे आली, हे निकालपत्रातच एका अर्थी कबूल केले होते. अधिकाराचा असा उगम सांगणारा निर्णय अमेरिकी घटनाशास्त्रात दुसरा शोधणे कठीण आहे.

१९०३ मध्ये त्यावर कळस चढला. कायोवा, कोमांची आणि अपाची यांच्याशी १८६७ साली झालेल्या तहात अट होती की भूमी देण्यासाठी तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांची सही हवी. तेवढ्या खऱ्या सह्या नसताना काँग्रेसने ती भूमी खुली केली. लोन वुल्फ विरुद्ध हिचकॉक या खटल्यात न्यायालयाने सांगितले की काँग्रेस आपल्या इच्छेने असा तह मोडू शकते आणि न्यायालय त्यात पडणार नाही. ‘प्लेनरी पॉवर’ म्हणजे संपूर्ण सत्ता हा सिद्धान्त तेव्हापासून पक्का झाला. १८८७ च्या डॉज कायद्याने सामाईक भूमीचे वैयक्तिक तुकडे पाडून ‘उरलेली’ जमीन वसाहतकारांना देण्याची व्यवस्था झालीच होती. त्या वेळी मूलनिवासींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर भूमी होती. १९३४ पर्यंत ती ४ कोटी ८० लाख एकरांवर आली.

संपूर्ण सत्तेचा अर्थ कळावा म्हणून विस्कॉन्सिनमधील मेनॉमिनी राष्ट्राची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. १९५३ मध्ये काँग्रेसने ठराव केला की मूलनिवासी राष्ट्रांशी असलेले विशेष संबंध संपवून टाकावेत. धोरणाचे नावच ‘टर्मिनेशन’ असे होते. भाषा मात्र समानतेची होती: सर्व नागरिक सारखे, कोणाला वेगळी व्यवस्था नको. मेनॉमिनींची निवड झाली कारण ते संपन्न होते. त्यांचे उत्तम राखलेले जंगल होते, लाकडाची गिरणी होती, त्या उत्पन्नावर रुग्णालय चालत असे. १९५४ च्या कायद्याने त्यांचे राष्ट्र म्हणून अस्तित्व संपविण्याचे ठरले आणि १९६१ मध्ये ते अमलात आले. राखीव भूमीचा एक काउंटी झाला, जंगलाची एक कंपनी झाली. कालपर्यंत कर न लागणाऱ्या भूमीवर मालमत्ता कर आला. रुग्णालय बंद पडले. मेनॉमिनी काउंटी विस्कॉन्सिनमधील सर्वांत गरीब काउंटी ठरला, आणि कर भरण्यासाठी तळ्याकाठची जमीन बाहेरच्यांना विकण्याची वेळ आली. ॲडा डीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या चळवळीमुळे डिसेंबर १९७३ मध्ये काँग्रेसने दुसरा कायदा करून ते राष्ट्र पुन्हा अस्तित्वात आणले. एका कायद्याने राष्ट्र संपते, दुसऱ्याने जिवंत होते. त्या वर्षांत शंभराहून अधिक समूहांवर हेच संकट आले, आणि ज्यांच्यापाशी डीअर यांच्यासारखी माणसे नव्हती त्यांतील काही आजही मान्यतेसाठी झगडत आहेत.

याच काळात धोरण उलटले. १९७० साली अध्यक्ष निक्सन यांनी टर्मिनेशनचा जाहीर त्याग केला, आणि १९७५ च्या स्वयंनिर्णय कायद्याने शाळा, दवाखाने, पोलीस यांसारख्या सेवा त्या त्या राष्ट्राने करार करून स्वतः चालवाव्यात अशी सोय केली. आज मूलनिवासी आरोग्यसेवेच्या निधीपैकी अर्ध्याहून अधिक रक्कम त्या राष्ट्रांच्या स्वतःच्या हातून खर्च होते. हा बदल चांगलाच झाला, यात शंका नाही. पण पैशाची थैली काँग्रेसकडेच राहिली. नागरी हक्क आयोगाने २०१८ च्या आपल्या अहवालात हा निधी तहांतील वचनांच्या मानाने सतत अपुरा पडत आल्याचे नोंदविले आहे. जबाबदारी खाली, तिजोरी वर, हे चित्र आपल्याकडील जिल्हा परिषदांच्या सदस्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

एकाच संघातील तीन दर्जे

सत्तेचा उगम शोधण्याची एक विलक्षण कसोटी अमेरिकी कायद्यात आहे. एकाच गुन्ह्यासाठी एकाच सत्तेला दोनदा खटला चालविता येत नाही. परंतु दोन स्वतंत्र सार्वभौम सत्ता असतील तर दोघींना चालविता येतो. तेव्हा दुसरी सत्ता खरोखर दुसरी आहे का, हे न्यायालयाला तपासावे लागते. १९७८ च्या व्हीलर खटल्यात नवाहो राष्ट्राविषयी हा प्रश्न आला. न्यायालय म्हणाले, नवाहोंची शिक्षा देण्याची सत्ता काँग्रेसने दिलेली नाही, ती त्यांची मूळची आहे. म्हणून दोन्ही खटले चालतील. २०१६ मध्ये पोर्तो रिकोविषयी तोच प्रश्न निघाला. १९५२ पासून स्वतःची राज्यघटना असलेल्या, बत्तीस लाखांहून अधिक वस्तीच्या त्या बेटाची सत्ता अखेर काँग्रेसपासूनच आलेली आहे, म्हणून दोन खटले चालणार नाहीत, असे उत्तर मिळाले.

कायद्याच्या कागदावर म्हणजे नवाहो राष्ट्र पोर्तो रिकोपेक्षा अधिक स्वयंभू ठरले. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत पसरलेली त्यांची भूमी सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, मराठवाड्याहून थोडी अधिकच आहे. पण व्हीलरच्याच निकालपत्रात पुढे म्हटले आहे की ही मूळची सत्ता काँग्रेसच्या मर्जीपर्यंतच टिकते. मूळची आणि तरीही मर्जीवर! डलहौसीने निदान दोन्ही गोष्टी एकत्र म्हटल्या नव्हत्या.

पोर्तो रिकोचे काय झाले, तेही थोडक्यात पाहावे. १९५२ ची राज्यघटना दाखवून अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांत ते बेट स्वशासित झाल्याचे सांगितले आणि १९५३ मध्ये त्याचे नाव परतंत्र प्रदेशांच्या यादीतून काढून घेतले. कर्ज ७० अब्ज डॉलरांच्या वर गेल्यावर २०१६ मध्ये काँग्रेसने सात जणांचे वित्तीय मंडळ नेमण्याचा कायदा केला. निवडून आलेल्या सरकारचा अर्थसंकल्प ते मंडळ फिरवू शकते. तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना अध्यक्षपदासाठी मतदान करता येत नाही.

राजधानीची स्थिती आपल्या परिचयाची आहे, कारण व्हर्जिनिया आणि मेरिलँडमधील हजारो मराठी माणसे रोज तेथे कामाला जातात. १९७३ च्या स्वशासन कायद्याने वॉशिंग्टनला महापौर आणि तेरा सदस्यांची परिषद मिळाली, परंतु परिषदेचा प्रत्येक कायदा काँग्रेससमोर ठेवावा लागतो. २०२३ मध्ये शहराने केलेली नवी फौजदारी संहिता काँग्रेसने रद्द केली. ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच १९७३ च्या कायद्यातील कलम वापरून शहराच्या पोलिसांचा ताबा तीस दिवसांसाठी घेतला. २०२० च्या जनगणनेनुसार वॉशिंग्टनची वस्ती वायोमिंगपेक्षा लाखाहून अधिक होती. वायोमिंगला मात्र दोन सेनेटर आहेत आणि त्याचे पोलीस असे कोणी घेऊ शकत नाही.

राज्यांना जे मिळते ते घटनेने, राजधानीला आणि बेटांना जे मिळते ते कायद्याने, आणि मूलनिवासी राष्ट्रांना त्यांचे स्वतःचे असलेलेही काँग्रेसच्या मौनामुळे. स्वराज्याचा न्याय मोजताना अधिकारांच्या यादीची लांबी मोजण्याकडे कल असतो. माझ्या मते ते मोजमाप चुकीचे आहे. मेनॉमिनींपाशी १९५३ मध्ये पुष्कळ अधिकार होते. ते परत घेणाऱ्या सभेत त्यांचे राष्ट्र म्हणून एकही आसन नव्हते.

अर्धवट सत्तेची किंमत

१९७८ सालीच, व्हीलरच्या काही दिवस आधी, आणखी एक निर्णय झाला. वॉशिंग्टन राज्यातील सुक्वामिश राष्ट्राच्या भूमीवर राहणाऱ्या, पण त्या राष्ट्राचा सदस्य नसलेल्या ऑलिफंट नावाच्या माणसाला त्यांच्या पोलिसांनी अटक केली होती. न्यायालयाने ठरविले की मूलनिवासी राष्ट्रांना इतरांवर फौजदारी खटला चालविण्याचा अधिकार नाही. आपल्या घरात येऊन कोणी मारहाण केली तर त्याला बाहेरच्या सरकारच्या स्वाधीन करावे आणि त्याने दखल घ्यावी अशी वाट पाहावी, असा याचा अर्थ. राष्ट्रीय न्यायसंस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात पाचांपैकी चारांहून अधिक मूलनिवासी स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी हिंसा सोसल्याचे आढळले, आणि अत्याचार करणाऱ्यांत परवंशीयांचे प्रमाण फार मोठे होते. २०१३ आणि २०२२ च्या कायद्यांनी कौटुंबिक हिंसा, लैंगिक अत्याचार आणि मुलांवरील हिंसा अशा काही गुन्ह्यांपुरता हा अधिकार परत देण्यात आला. साध्या चोरीसाठी तो अजूनही नाही.

ऑलिफंट निर्णयामागे एक तर्क आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: ज्या सरकारला मत देण्याचा मला अधिकार नाही, त्याने मला तुरुंगात का टाकावे? पण हाच तर्क मुंबईहून टल्साला एच-वन-बी व्हिसावर आलेला अभियंता करू लागला तर ओक्लाहोमाचा न्यायाधीश त्याचे ऐकून घेईल काय? तो अभियंताही तेथे मत देत नाही. परक्याला आपला कायदा लागू करणे हे कोणत्याही सत्तेचे साधे लक्षण आहे. ते फक्त याच राष्ट्रांच्या बाबतीत अन्याय ठरते, हे पटत नाही.

ओक्लाहोमाची बाजू

जुलै २०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की मस्कोगी राष्ट्राची १८६६ च्या तहाने ठरलेली भूमी काँग्रेसने कधीच रद्द केलेली नाही. म्हणून ती आजही राखीव भूमीच आहे. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी लिहिलेल्या या निर्णयाचा मथितार्थ साधा होता: काँग्रेसला वचन मोडायचे असेल तर तिने ते स्पष्ट शब्दांत मोडावे, काळाच्या ओघाने मोडले असे मानता येणार नाही. पुढे राज्याच्या न्यायालयांनी हाच न्याय चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ आणि सेमिनोल राष्ट्रांना लावला. ओक्लाहोमाचा जवळजवळ पूर्वार्ध त्यात आला.

गव्हर्नर केव्हिन स्टिट यांनी या निर्णयाला कडाडून विरोध केला. ते स्वतः चेरोकी राष्ट्राचे नागरिक आहेत. त्यांचा आक्षेप असा की एकाच रस्त्यावर राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांना, एक मूलनिवासी आणि एक नसलेला, वेगवेगळे कायदे लागू होणे हे समतेच्या विरुद्ध आहे. शिवाय १९२४ पासून मूलनिवासी अमेरिकेचे नागरिक आहेत. ते राज्याच्या निवडणुकीत मत देतात, आणि राज्याच्या काही कायद्यांतून मात्र मोकळे असतात. ब्रिटनमध्ये टॅम डेलिएल या खासदाराने १९७७ साली हाच प्रश्न उलट बाजूने विचारला होता: स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा मिळाल्यावर स्कॉटिश खासदारांनी केवळ इंग्लंडपुरत्या कायद्यांवर मत का द्यावे? त्यांच्या मतदारसंघाच्या नावावरून तो ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ म्हणून ओळखला जातो आणि आजतागायत त्याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

विषम वाटणीत असे कोपरे राहतातच. तरीही दोन्ही ठिकाणांत एक फरक आहे. वेस्टमिन्स्टरमध्ये स्कॉटलंडचे खासदार स्कॉटलंडच्या मतदारसंघांतून निवडून जातात. ओक्लाहोमाच्या विधानसभेत चेरोकी वंशाचे आमदार असतात, पण चेरोकी राष्ट्राचा प्रतिनिधी कोणी नसतो. २०२२ मध्ये कॅस्ट्रो-ह्युर्टा खटल्यात न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, राखीव भूमीवर बाहेरच्याने मूलनिवासीविरुद्ध केलेल्या गुन्ह्यावर राज्यालाही खटला चालविण्याचा अधिकार दिला, तेव्हा त्या राष्ट्रांची संमती कोणी विचारली नाही.

स्वराज्य मागणाऱ्यांनी आपल्या आतला न्यायही पाहावा लागतो, आणि येथे चेरोकींचा इतिहास निष्कलंक नाही. यादवी युद्धापूर्वी त्यांच्यातील धनिक कृष्णवर्णीय गुलाम बाळगीत. १८६६ च्या तहाने मुक्त झालेल्या त्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकींचे सारे हक्क मिळाले; २००७ मध्ये राष्ट्राने सार्वमत घेऊन त्यांना वगळण्याचे ठरविले. २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने तहाचा आधार घेऊन त्यांचे नागरिकत्व कायम केले, आणि २०२१ मध्ये चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील ‘रक्ताने’ हे शब्द काढून टाकले. जो तह वॉशिंग्टनने पाळावा असा आग्रह धरावयाचा, तो आपणही पाळला पाहिजे, हे त्या न्यायालयाला कळले.

भारतीय चष्म्यातून

अमेरिकेतील राज्यांच्या सीमा राज्यांच्या संमतीविना बदलता येत नाहीत. भारतात राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद साध्या कायद्याने राज्य निर्माण करू शकते, फोडू शकते. संबंधित विधानसभेचे मत केवळ मागवावे लागते, मानावे लागत नाही. १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० चा महाराष्ट्र, दोन्ही याच अधिकारातून आले. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचा दर्जा राज्यावरून केंद्रशासित प्रदेशावर आला तोही. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी ३७१(२) या अनुच्छेदाखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा घटनेत कलम असूनही मंडळे उरली नाहीत. वरून आलेली सत्ता किती पातळ असते, हे आपल्याला निराळे शिकावे लागत नाही.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाची घोषणा सुप्रसिद्ध आहे: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गावाने आपला बांबू स्वतः विकला. घोषणेचा पूर्वार्ध सहसा विसरला जातो. दिल्ली-मुंबईतील सरकारही ‘आमचे’ असल्याचा दावा त्यात आहे. गावापुरते स्वराज्य मागताना वरच्या सभेतील वाटा त्यांनी सोडलेला नाही. मेनॉमिनी आणि मेंढ्याची तुलना ओढूनताणून करू नये, पण दोघांची संपत्ती जंगलच आहे, हे नमूद करण्याजोगे वाटते.

न भरलेले आसन

चेरोकींना वरच्या सभेतील वाटा कागदावर मिळालेला आहे. १७८५ च्या होपवेल तहात त्यांना काँग्रेसकडे प्रतिनिधी पाठविता येईल असे म्हटले होते. १८३५ च्या न्यू इकोटा तहाच्या सातव्या कलमात, काँग्रेस तशी तरतूद करील तेव्हा, प्रतिनिधिगृहात त्यांचा एक प्रतिनिधी असण्याचा हक्क मान्य केला आहे. ज्या तहाने त्यांना घराबाहेर काढले, त्याच तहातील हे वचन. तहाने घेतलेली भूमी अमेरिकेने लगेच ताब्यात घेतली. आसनाचे कलम तसेच पडून राहिले.

ऑगस्ट २०१९ मध्ये चेरोकी राष्ट्राने किम्बर्ली टीही यांची या पदासाठी नेमणूक केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीने सुनावणी घेतली. आक्षेप पुष्कळ निघाले. चेरोकी नागरिकांना आपापल्या मतदारसंघाचा खासदार आहेच, मग हे दुहेरी प्रतिनिधित्व नव्हे काय? टीही निवडून आलेल्या नाहीत, नेमलेल्या आहेत. ओक्लाहोमातील युनायटेड कीटूवा बँड हा दुसरा चेरोकी समूहही त्या तहाचा वारसा सांगतो. प्रतिनिधिगृहाचा ठराव पुरेल की दोन्ही सभागृहांचा कायदा हवा, यावरही एकमत नाही. हे आसन, मिळाले तरी, मताविना असेल: पोर्तो रिको, गुआम, व्हर्जिन बेटे, अमेरिकन सामोआ, उत्तर मारियाना आणि राजधानी या सहांचे प्रतिनिधी आज जसे समितीत बोलतात व मत देतात, पण विधेयकावरील अंतिम मतदानात त्यांचे मत धरले जात नाही, तसेच.

साडेचार लाखांहून अधिक नागरिक असलेल्या राष्ट्राची मागणी सध्या एवढीच आहे: ज्या सभेपाशी आमचे अस्तित्व संपविण्याची सत्ता आहे, तेथे बसून बोलू द्यावे. सुनावणीनंतर समितीने निर्णय दिलेला नाही, आणि टीही यांनी अद्याप शपथ घेतलेली नाही.